लॅपटॉपचा स्क्रीनशॉट : अंकांची हुबेहूब नक्कल

लॅपटॉपच्या पडद्यावर एखादा आलेख, नकाशा किंवा परीक्षेचे वेळापत्रक दिसत आहे आणि ते तुम्हांला जपून ठेवायचे आहे. अशा वेळी तुम्ही काय कराल? तुमच्यापैकी बरेच जण मोबाइल काढून पडद्याचे छायाचित्र घेतील. त्या छायाचित्रात पुष्कळदा लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात, कडा तिरप्या येतात, खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब पडते. दुसरा मार्ग म्हणजे कळफलकावरील एकदोन कळा दाबून ‘स्क्रीनशॉट’ घेणे. त्यात पट्टे नसतात, प्रतिबिंब नसते आणि बारीकात बारीक अक्षरही जसेच्या तसे उतरते.

बोलताना आपण दोन्हींना ‘पडद्याचा फोटो’ म्हणतो. परंतु शास्त्रीय दृष्टीने या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत. हा फरक एकदा नीट समजला, की स्क्रीनशॉट इतका स्वच्छ का येतो, त्यावरून मोजमाप कसे करता येते आणि त्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवू नये, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. चला तर, तो फरक समजून घेऊ.

पडद्यावरचे चित्र कशाचे बनते?

एखादे चांगले भिंग लॅपटॉपच्या पडद्याजवळ धरून पांढऱ्या भागाकडे पाहा. भिंग पुरेसे शक्तिशाली असेल, तर पांढरा रंग नाहीसा होऊन तांबडे, हिरवे आणि निळे असे बारीक ठिपके ओळीने मांडलेले दिसतील. अशा तीन ठिपक्यांचा मिळून एक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, होतो. आजच्या अनेक लॅपटॉपच्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० पिक्सेल असतात. म्हणजे एकूण पिक्सेल १९२० × १०८० = २०,७३,६०० झाले. पडद्याची रुंदी सुमारे ३४.५ सेंटिमीटर धरली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ०.१८ मिलिमीटर जागा येते. म्हणूनच नुसत्या डोळ्यांना ते सुटे दिसत नाहीत.

प्रत्येक ठिपक्याने किती उजळावे हे एका अंकाने ठरते. हा अंक सामान्यतः ० ते २५५ च्या दरम्यान असतो. ० म्हणजे पूर्ण काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण तेज. तिन्ही अंक २५५ असले की पिक्सेल पांढरा दिसतो, तिन्ही ० असले की काळा. तांबडा २५५, हिरवा २५५ आणि निळा ० असला की पिवळा दिसतो. तीन अंकांच्या निरनिराळ्या जुळणीतून २५६ × २५६ × २५६ = १,६७,७७,२१६ रंग तयार होतात.

० ते २५५ पैकी एक अंक लिहिण्यास संगणकाला एक बाइट जागा लागते. तेव्हा संपूर्ण पडद्याच्या चित्रासाठी २०,७३,६०० × ३ = ६२,२०,८०० बाइट लागतील. अंकांची ही भली मोठी यादी संगणकाच्या स्मृतीत एका ठरावीक भागात असते. या भागाला ‘फ्रेम बफर’ म्हणतात. साध्या लॅपटॉपमध्ये ही यादी सेकंदाला ६० वेळा वाचली जाते आणि तिच्यानुसार पडद्यावरचे ठिपके उजळविले जातात. तात्पर्य, चित्र आधी अंकांच्या रूपात असते आणि मग ते प्रकाशाच्या रूपात आपल्यासमोर येते.

कळ दाबल्यावर काय घडते?

स्क्रीनशॉटची कळ दाबली की कळफलकाकडून एक संकेत संगणकाच्या कार्यप्रणालीकडे जातो. कार्यप्रणाली म्हणजे विंडोज, मॅक किंवा उबुंटू यांसारखी, संगणकाचा सर्व कारभार पाहणारी व्यवस्था. तुम्ही उघडलेली प्रत्येक खिडकी स्मृतीत वेगळी रेखाटलेली असते. कार्यप्रणाली या सर्व खिडक्या योग्य क्रमाने एकमेकींवर मांडून पूर्ण पडद्याचे एक चित्र बनवीत असते. कळ दाबताक्षणी ती या तयार चित्राच्या अंकांची एक प्रत काढून स्मृतीत दुसरीकडे ठेवते. एवढेच! या कामात भिंग नाही, प्रकाश नाही, कॅमेरा तर नाहीच. पाटीवरचे पाढे दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यावेत, तशी ही क्रिया आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीचा ‘पीसी’ हा संगणक बाजारात आला. त्याच्या कळफलकावर ‘प्रिंट स्क्रीन’ असा संक्षेप लिहिलेली कळ होती. शिफ्टबरोबर ती दाबली, की पडद्यावरचा मजकूर थेट छपाईयंत्राकडे जाऊन कागदावर उमटे. त्या पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे मावत. अक्षरासाठी एक बाइट आणि ते कसे दाखवावे यासाठी आणखी एक, असे २५ × ८० × २ = ४००० बाइट पुरत. आजच्या पडद्याचे ६२ लाख बाइट म्हणजे त्याच्या दीड हजार पटींहूनही अधिक. कळेचे नाव मात्र तेच राहिले, जरी आता ती दाबून कागदावर काहीच उमटत नसले!

कोणत्या कळा दाबाव्यात?

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर विंडोज आणि प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबल्यास संपूर्ण पडद्याचे चित्र ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये साठविले जाते. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबल्यास फक्त चालू खिडकीचे चित्र घेतले जाते. विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्यास पडद्याचा हवा तेवढाच भाग निवडता येतो. काही लॅपटॉपवर जागेअभावी प्रिंट स्क्रीनची कळ दुसऱ्या कामाच्या कळेवरच छापलेली असते. अशा वेळी सोबत एफएन ही कळही दाबावी लागते.

मॅकवर शिफ्ट, कमांड आणि ३ या कळांनी पूर्ण पडदा, तर शिफ्ट, कमांड आणि ४ यांनी निवडलेला भाग घेता येतो. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रिंट स्क्रीन दाबली की भाग निवडण्याची चौकट उघडते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही वेळा घेतलेले चित्र फाइल म्हणून साठविले न जाता ‘क्लिपबोर्ड’वर, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, राहते. ते एखाद्या लेखात किंवा चित्रात चिकटवून साठविले नाही, तर लॅपटॉप बंद केल्यावर सामान्यतः नाहीसे होते.

मोबाइलच्या छायाचित्रात पट्टे का येतात?

आता पहिल्या मार्गाकडे वळू. मोबाइलने छायाचित्र घेताना पडद्यातून निघालेला प्रकाश हवेतून भिंगात शिरतो आणि मोबाइलमधील संवेदकावर पडतो. तेथे त्याचे पुन्हा अंक बनतात. म्हणजे अंकांपासून प्रकाश आणि प्रकाशापासून पुन्हा अंक, असा हा फेरा आहे. प्रत्येक रूपांतरात काही ना काही हरवते आणि काही नको ते मिसळते.

रंगीत पट्टे हे त्याचेच फळ. पडदा ही पिक्सेलची बारीक जाळी आहे आणि मोबाइलचा संवेदक हीसुद्धा बारीक कप्प्यांची जाळीच आहे. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या आणि त्यांचे अंतर किंचित वेगळे असले, की काही ठिकाणी रेघेवर रेघ बसते, काही ठिकाणी रेघ मोकळ्या जागेवर येते. त्यामुळे एकीआड एक फिकट व गडद पट्टे दिसू लागतात. याला ‘म्वारे नक्षी’ म्हणतात. मच्छरदाणीच्या दोन घड्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा आणि एक घडी हळूच सरकवा. अगदी अशीच नक्षी नाचताना दिसेल.

ध्वनीच्या पाठात तुम्ही विस्पंद शिकला असाल, तर त्याची येथे आठवण होईल. २५६ आणि २६० कंपनांचे दोन नादकाटे एकदम वाजविले की सेकंदाला २६० − २५६ = ४ विस्पंद ऐकू येतात. त्याचप्रमाणे सारख्याच लांबीत एका जाळीच्या १०० रेघा आणि दुसरीच्या १०४ रेघा समांतर मांडल्या, तर त्या लांबीत ४ पट्टे दिसतील. विस्पंद काळात पडतात, पट्टे जागेत पडतात. गणित मात्र एकच!

स्क्रीनशॉटमध्ये दुसरी जाळीच नसते. एका पिक्सेलचे अंक प्रतीतही त्याच पिक्सेलच्या नावे लिहिले जातात. मग पट्टे येतील कोठून?

करून पाहा

स्क्रीनशॉट प्रकाशाचा नसून अंकांचा असतो, हे केवळ आम्ही सांगतो म्हणून मान्य करू नका. पुढील तीन प्रयोग कोणत्याही लॅपटॉपवर पाच मिनिटांत करता येतात.

प्रयोग १ : पडद्याची उजळणी सर्वांत कमी करा आणि स्क्रीनशॉट घ्या. मग उजळणी पूर्ववत करून तो उघडा. चित्र मुळीच अंधारे नसेल. उजळणी कमी केल्याने पडद्याचे तेज घटले, स्मृतीतील अंक बदलले नाहीत.

प्रयोग २ : रात्रीच्या वापरासाठी पडदा पिवळसर करण्याची ‘नाइट लाइट’ ही सोय चालू करून स्क्रीनशॉट घ्या. नंतर ती बंद करून चित्र पाहा. बहुतेक लॅपटॉपवर चित्रात पिवळेपणा आढळणार नाही. कारण ही छटा अंक पडद्याकडे पाठविताना, अगदी शेवटच्या टप्प्यावर दिली जाते.

प्रयोग ३ : माउसचा बाण पडद्याच्या मधोमध ठेवून विंडोज आणि प्रिंट स्क्रीन या कळांनी स्क्रीनशॉट घ्या. बाण सामान्यतः चित्रात येत नाही. तो सतत हलत असल्यामुळे मुख्य चित्रात न रेखाटता वेगळा ठेवतात आणि पडद्याकडे जाताना वरून बसवतात.

तिन्ही प्रयोगांत डोळ्यांना दिसलेले एक आणि स्क्रीनशॉटमध्ये उतरलेले दुसरेच, असे तुम्हांला आढळेल. याच कारणाने काही संरक्षित चित्रपटांचा स्क्रीनशॉट घेतल्यास चित्राच्या जागी काळी चौकट येते. अशा चित्रपटाचे अंक वेगळ्या, कुलूपबंद वाटेने पडद्याकडे नेलेले असतात. नक्कल करणाऱ्या आज्ञेला तेथे प्रवेश नसतो.

चित्र कसे साठवावे?

६२ लाख बाइट जसेच्या तसे साठविणे म्हणजे जागेची उधळपट्टी. म्हणून त्यांचा संक्षेप करतात. त्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. पीएनजी ही पद्धत १९९६ साली जाहीर झाली. तिच्यात मागे येऊन गेलेला अंकांचा क्रम पुन्हा आला, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा आणि तेथून इतके अंक घ्या’ एवढीच खूण करतात. पांढऱ्या पानावर सारखेच अंक हजारो वेळा येत असल्याने पुष्कळ जागा वाचते. शिवाय चित्र उघडताना एकही अंक बदलत नाही.

दुसरी पद्धत जेपीईजी. तिचे मानक १९९२ साली ठरले. ही पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा जाणवत नाहीत असे बारीक फेरफार सोडून देते. झाडे, चेहरे, आकाश यांच्या छायाचित्रांसाठी ही उत्तम. पण काळ्या अक्षराची तीक्ष्ण कडा म्हणजे एकदम मोठा बदल. तो या पद्धतीला नीट पेलत नाही आणि अक्षरांभोवती धुरकट ठिपके दिसू लागतात. म्हणून मजकूर, आलेख व आकृत्या यांचे स्क्रीनशॉट पीएनजीमध्येच ठेवावेत.

स्क्रीनशॉटची मोजपट्टी

अंकांची नक्कल हुबेहूब असते, म्हणून तिच्यावरून मोजताही येते. समजा, चेंडू खाली सोडल्याची चित्रफीत तुमच्याजवळ आहे. तिच्यात सेकंदाला ३० चित्रे आहेत आणि शेजारी एक मीटरची पट्टी उभी ठेवलेली आहे. चेंडू सुटतानाच्या क्षणी चित्रफीत थांबवून एक स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर १५ चित्रे पुढे सरकवून दुसरा घ्या. मधला काळ १५ ÷ ३० = ०.५ सेकंद. चित्रे काढण्याच्या साध्या कार्यक्रमात स्क्रीनशॉट उघडून बाण फिरविला, की त्या जागेचा पिक्सेल क्रमांक खाली दिसतो. मात्र येथे मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि उभे अंतर खालच्या दिशेने वाढत जाते, हे विसरू नका.

समजा, एक मीटरची पट्टी २०० पिक्सेल लांब दिसली आणि चेंडू २४५ पिक्सेल खाली आला. तर चेंडूने कापलेले अंतर २४५ ÷ २०० = १.२२५ मीटर. स्थिर अवस्थेतून सुटलेल्या वस्तूसाठी गुरुत्वत्वरण = २ × अंतर ÷ काळाचा वर्ग. म्हणून गुरुत्वत्वरण = २ × १.२२५ ÷ ०.२५ = ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. चेंडूची जागा ठरविताना २ पिक्सेलची चूक झाली, तर अंतरात २ ÷ २४५, म्हणजे सुमारे ०.८ टक्के चूक येईल. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग अवश्य करून घ्यावा. यासाठी पट्टी चेंडूच्या मार्गाइतक्याच अंतरावर असावी आणि कॅमेरा हलता कामा नये.

झाकले म्हणजे नाहीसे झाले काय?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. स्क्रीनशॉट दुसऱ्यास पाठविण्यापूर्वी त्यातील मोबाइल क्रमांक किंवा बैठक क्रमांक झाकण्यासाठी काही जण काळ्या मार्कर-पेनाचा फराटा मारतात. हे पेन थोडेसे पारदर्शक असेल, तर काय होईल? समजा, कागदाचा अंक २५० आणि अक्षराचा २० आहे. फराट्याने प्रत्येक अंक दहाव्या भागाएवढा झाला. आता कागद २५ आणि अक्षर २. डोळ्यांना दोन्ही काळेच दिसतात. पण कोणी प्रत्येक अंकाला १० ने गुणले, तर २५० आणि २० परत हजर! डोळ्यांपासून लपले, गणितापासून लपले नाही. म्हणून झाकायचे तर पूर्ण अपारदर्शक, भरीव काळा चौकोन काढावा. तेथील सर्व अंक ० झाले, की कशानेही गुणले तरी उत्तर ० च येते.

मार्च २०२३ मध्ये याहून चमत्कारिक प्रकार उघडकीस आला. विंडोज ११ मधील ‘स्निपिंग टूल’ आणि गूगलच्या पिक्सेल मोबाइलमधील ‘मार्कअप’ या साधनांत एक दोष सापडला. स्क्रीनशॉटचा नको असलेला भाग कापून तो त्याच फाइलवर साठविला, की नवे लहान चित्र फाइलच्या सुरुवातीस लिहिले जाई, पण जुन्या चित्राचे उरलेले शेपूट तसेच राही. वहीतल्या दहा पानी निबंधावर पहिल्या चार पानांत नवा निबंध लिहावा आणि पुढची सहा पाने फाडायचे विसरावे, तसाच हा प्रकार. जाणकारांना त्या शेपटातून कापलेल्या चित्राचा काही भाग परत मिळविता येई. दोन्ही कंपन्यांनी त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. परंतु त्यापूर्वी पाठविल्या गेलेल्या चित्रांना ती लागू पडणार नव्हती, हे उघड आहे.

स्क्रीनशॉट हा पुरावा आहे काय?

कागदावरचा आकडा खोडून बदलला तर कागद खरवडला जातो, शाई फुटते. स्क्रीनशॉटमधील ‘४०’ चा ‘९०’ करायचा म्हणजे काही पिक्सेलचे अंक बदलायचे. अंकाला खरवडल्याची खूण नसते. बदललेला अंक मूळ अंकाइतकाच कोरा करकरीत दिसतो. म्हणून पैसे पाठविल्याचा नुसता स्क्रीनशॉट पाहून दुकानदाराने माल देणे धोक्याचे असते. आपल्या खात्यात रक्कम जमा झाली की नाही, हेच त्याने पाहावे. कोणाच्या नावे फिरणारा संदेशाचा स्क्रीनशॉट पुढे पाठविताना तुम्हीही हाच विचार करा. त्यातील मजकूर खोटा असेल, तर एखाद्या निरपराध विद्यार्थ्याची किंवा शिक्षकाची बदनामी होते आणि तिच्यात आपलाही हात लागतो.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदी न्यायालयात दाखल करताना ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद आहे. त्या नमुन्यात फाइलचे ‘हॅश मूल्य’ लिहावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील सर्व अंकांवर गणिती क्रिया करून काढलेली एक खूण. फाइलमधील एक अंक जरी बदलला तरी खूण बदलते. म्हणजे अंकांमुळे निर्माण झालेल्या शंकेवर उपायही अंकांचाच! परंतु फाइल नोंदविल्यानंतर बदलली नाही, एवढेच ही खूण सांगते. मूळ चित्र खरे होते की नाही, हे ती सांगू शकत नाही.

विज्ञानातही हाच दंडक आहे. प्रयोगवहीत आलेखाचा स्क्रीनशॉट चिकटविला म्हणून निष्कर्ष सिद्ध होत नाही. त्याच्याजवळ तारीख, वेळ, वापरलेला कार्यक्रम आणि मूळ मोजमापांचा तक्ता हवा. तो पाहून दुसऱ्या कोणालाही तोच प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे. स्क्रीनशॉट नक्कल उत्तम करतो, पण ज्याची नक्कल केली ते खरे आहे काय, हे तपासण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

स्वाध्याय

१. एका पडद्यावर १३६६ × ७६८ पिक्सेल आहेत. त्याच्या चित्रास संक्षेप न करता किती बाइट लागतील?

२. सारख्या लांबीच्या दोन समांतर जाळ्यांत अनुक्रमे १५० आणि १५६ रेघा आहेत. किती पट्टे दिसतील?

३. लॅपटॉपच्या पडद्यावर एक उभी रंगीत रेघ कायमची दिसू लागली. दोष पडद्याचा आहे की त्याआधीच्या भागातला, हे स्क्रीनशॉटच्या साहाय्याने कसे ओळखाल?

उत्तरे : १. ३१,४७,२६४ बाइट. २. सहा. ३. स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडावा. रेघ तेथेही दिसली, तर अंकच बिघडलेले आहेत, म्हणजे दोष पडद्याच्या आधीचा. रेघ दिसली नाही, तर स्मृतीतील अंक ठीक आहेत आणि दोष पडद्यात किंवा पडद्याकडे जाणाऱ्या वाटेत आहे.